ट्रॅक्टरमधील कॅन तारांना संगणक जोडण्याचे साधन : बांधणी व वीजपुरवठा

सोयाबीनची पेरणी आणि हळदीची काढणी या दोन वेळा हिंगोली जिल्ह्यात अशा आहेत की, ट्रॅक्टर एक दिवस उभा राहिला तरी त्याची झळ अनेक शेतांना पोहोचते. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धूरनियंत्रणाचे मानक लागू झाले. अशा इंजिनात डिझेल किती व केव्हा सोडावयाचे हे एक लहानसा संगणक ठरवितो. इशाऱ्याचा दिवा लागून इंजिनाचा जोर घटला, तर नुसता पंप उघडून कारण उमगत नाही. ते त्या संगणकाकडूनच वाचून घ्यावे लागते. यांत्रिक पंपाच्या लहान ट्रॅक्टरांत ही व्यवस्था बहुधा नसते, हे आधी पाहून घ्यावे.

हा संगणक व मीटर इत्यादी भाग एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ साली मोटारींसाठी पुढे आणलेली ही पद्धती कॅन या नावाने ओळखली जाते. तारा स्वस्थ असता दोहोंवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. संदेश जाताना एकीवर ३.५ व दुसरीवर १.५ होतो. जोडीच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावल्यास ६० ओहम दिसावयास हवेत. १२० दिसल्यास एक टोक तुटले आहे असे समजावे. उंदराने कुरतडलेली तार शोधण्यास ही एवढी परीक्षाही पुष्कळदा पुरते, आणि तिला खर्च नाही.

पुढे जावयाचे असल्यास यूएसबीचे साधन बांधावे. आयटीआय झालेल्या तरुणास ते कठीण नाही. एक अर्डुइनो, कॅनचे संदेश हाताळणारी एमसीपी२५१५ ही चिप आणि तारांशी बोलणारी आयएसओ१०५० ही विलग चिप एवढे भाग लागतात. बाजारातील तयार पट्टीवर बहुधा टीजेए१०५० असते. तीत विलगीकरण नसते. शिवाय त्या पट्टीवर १२० ओहमचा स्वतःचा रोध असतो. तो तसाच राहिल्यास तारांवरील ६० चे ४० ओहम होतात. म्हणून त्याची जोडकळ काढून ठेवावी.

वीज कोठून घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. ट्रॅक्टरची बॅटरी जवळ असल्याने तिचाच मोह होतो, तो टाळावा. स्टार्टर फिरताना तिचा दाब बराच खाली येतो, आणि इंजिन चालू असता बॅटरीची तार निसटल्यास अल्टरनेटरचा दाब क्षणभर अनेक पटींनी उसळतो. ७८०५ हा नेहमीचा नियामक ३५ व्होल्टांपर्यंतच सोसतो. याउलट यूएसबीतून ५ व्होल्ट व ५०० मिलिअँपिअर मिळतात, तेवढे या साधनास पुरेसे आहेत. त्यातूनच बी०५०५एस या एक वॅटच्या विलग परिवर्तकाद्वारे आयएसओ१०५० च्या ट्रॅक्टरकडील बाजूस वीज द्यावी. मग ट्रॅक्टरकडे दोन कॅन तारा व एक भूतार एवढ्याच जातात, आणि एका बाजूचा बिघाड दुसरीकडे पोहोचण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. तरीही काम चालू असता लॅपटॉप चार्जरवर ठेवू नये.

अनेक डिझेल इंजिने जे१९३९ ही पद्धती पाळतात; तिचा वेग सेकंदास बहुधा २,५०,००० बिट असतो. पट्टीवरील स्फटिक ८ की १६ मेगाहर्ट्झचा, हे आज्ञावलीत अचूक लिहावे, अन्यथा वेग चुकतो. आणि साधन केवळ ऐकण्याच्या अवस्थेतच ठेवावे. चुकीच्या वेगाने बोलू लागलेले साधन इतर भागांचे संदेश मोडते. चालत्या इंजिनावर हा प्रयोग नको.

संदेश क्रमांक ६५२६२ मधील पहिल्या अंकातून ४० वजा केल्यास पाण्याचे तापमान मिळते : १३० म्हणजे ९० अंश. ६१४४४ मधील चौथा व पाचवा अंक मिळून होणारी संख्या ०.१२५ ने गुणावी. १२,००० म्हणजे मिनिटास १,५०० फेरे. ६५२२६ मध्ये चालू बिघाडांचे क्रमांक येतात. ते कागदावर उतरवून विक्रेत्याच्या मिस्त्रीस फोनवर कळवावेत, म्हणजे तो गावी येताना योग्य सुटा भाग घेऊनच निघेल.