मारा मोठा की बचाव?
श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे हे आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याचे. कसोटी सामन्यात संघाला अधिक उपयोगी कोण?

२००७ साली नॉटिंगहॅमला डावखुऱ्या झहीरने इंग्लंडचे ९ बळी घेतले आणि भारत जिंकला. २०१४ साली लॉर्ड्‌सवर भारताचे ७ गडी १४५ धावांत बाद झाले होते. अजिंक्य मात्र खंबीरपणे खेळत राहिला. त्याच्या १०३ धावांमुळे डाव २९५ पर्यंत पोचला. तो सामनाही भारतानेच जिंकला, ९५ धावांनी.

गडी बाद केल्याशिवाय कसोटी सहसा जिंकता येत नाही, म्हणून मी झहीरला झुकते माप देईन. पण अजिंक्यच्या त्या धावा नसत्या, तर लॉर्ड्‌सला इशांत शर्माने दुसऱ्या डावात घेतलेले ७ बळी पुरले असते का?