जमैकाचा नाताळ आणि रिकामी सम

नाताळच्या गाण्यांचें नांव निघालें म्हणजे बर्फ, शेकोटी आणि घंटांचा नाद यांचें चित्र मनापुढें उभें राहतें. परंतु जेथें डिसेंबरांतहि ऊन तापतें, त्या कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटाच्या लोकांनीं हींच गाणीं आपलीशीं कशीं केलीं, हें पाहण्यासारखें आहे.

तेथील बहुसंख्य लोक आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज होत. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या त्या गुलामांना विसाव्याचे जे मोजके दिवस मिळत, त्यांत नाताळ मुख्य. त्या दिवसांत मुखवटे चढवून, ढोल बडवीत ते सोंगांची मिरवणूक काढीत. तिला 'जॉनकनू' म्हणतात. याच सणांत, २७ डिसेंबर १८३१ रोजीं, सॅम्युएल शार्प या बॅप्टिस्ट उपदेशकाच्या नेतृत्वाखालीं हजारों गुलामांनीं उठाव केला. शार्पला १८३२ सालीं फांशीं दिलें. पण लगेच १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, त्यास या उठावानें मोठीच गति दिली. धन्याचा सण अशा रीतीनें दासांचा झाला.

संगीतांतहि तेंच घडलें. १९६२ सालीं जमैका स्वतंत्र झाला, त्या सुमारास तेथें 'स्का' नांवाचें संगीत भरास आलें होतें. चार मात्रांचा ठेका हातानें धरून पाहा. नेहमींच्या नाताळगीतांत जोर पहिल्या मात्रेवर येतो. स्कामध्यें गिटार व पियानो यांचा आघात दोन मात्रांच्या मधल्या फटींत पडतो. म्हणून ऐकणाऱ्याचे पाय आपोआप थिरकूं लागतात. १९६८ च्या सुमारास यांतूनच संथ लयीचें 'रेगे' संगीत निघालें. त्याच्या 'वन ड्रॉप' या प्रसिद्ध ठेक्यांत ढोलाची पहिली मात्रा रिकामी सोडून तिसरीवर ठोका देतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर समेवर मौन, आणि खालीच्या जागीं घाव!

बॉब मार्ली ज्यांत होता त्या 'वेलर्स' गायकांनीं स्काच्या काळांतच 'व्हाइट ख्रिसमस' हें अमेरिकन गीत ध्वनिमुद्रित केलें. पुढें जेकब मिलर यानें १९७८ सालीं 'नॅटी ख्रिसमस' हा संग्रह काढला. तो रास्ताफारी पंथाचा. २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस, हें त्या पंथांतील अनेकांस मान्य नाहीं. तेव्हां बारा दिवसांच्या भेटींचें जुनें गीत त्यानें आपल्या पंथाच्या भेटींनीं भरून टाकलें. कार्लीन डेव्हिस या गायिकेनें तर सांताक्लॉजलाच विचारलें कीं, गरिबांच्या वस्तीकडे तुझीं पावलें कधीं वळतात काय?

यांस कोणी निव्वळ विडंबन म्हणेल. परंतु चाल तीच ठेवून आघाताची जागा बदलली कीं गाण्याचा मालकहि बदलतो. हीं गाणीं कानीं पडलीं तर शब्दांबरोबर ढोलाचा ठोका कोठें पडतो, तेवढें अवश्य ऐकावें.