मुख्याध्यापकांची बदली झाली, आता सुधारणेचं काय?

शाळा-सुधारणेवर संशोधन करायचंय आणि अहिल्यानगर जिल्हा निवडलाय? मग हिवरे बाजार डोळ्यांसमोर येणारच. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पाण्याच्या कामांबरोबर शाळेकडेही लक्ष दिलं गेलं. पण संशोधक म्हणून तुमची इथे अडचण होते. तिथलं नेतृत्व वर्षानुवर्षं गावातच राहिलं. जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक मात्र बदलीने जातात. यश माणसाचं की पद्धतीचं, हे या एका गावावरून वेगळं काढता येत नाही.

म्हणून बदली झालेली शाळा निवडा. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, निम्मे सदस्य महिला हव्यात. शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा. बदलीच्या आधीची आणि नंतरची इतिवृत्तं शेजारी ठेवून वाचा. वाचनात मागे पडलेल्या मुलांचा विषय पुढच्या बैठकीत परत आला का? काय करून पाहिलं? जमलं नाही तेव्हा काय बदललं? (नुसत्या 'सर्वानुमते मंजूर'ने भरलेली वहीही मिळेल. तोही पुरावाच!)

निकालाचे आकडे नंतर बघू. पाचवीच्या वर्गात दरवर्षी मुलं वेगळी असतात. आणि हो, वह्या मागायच्या आधी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्या कार्यालयाकडून परवानगीचं पत्र घ्या.