‘डिस्प्ले गेला’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘जाणे’ हे क्रियापद फार राबते. लाइट जाते, रंग जातो, तोल जातो, तोंडाची चव जाते. या मालिकेत गेल्या काही वर्षांत ‘डिस्प्ले गेला’ या प्रयोगाची भर पडली आहे. मैदानावरील कार्यक्रमात गिटार वाजवणारा विद्यार्थी ऐन वेळी धावत येऊन हे वाक्य उच्चारतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की उपकरण बिघडले. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांत किमान चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात: आकडा दिसत नाही, आकडा उमटत नाही, आकडा लुकलुकतो, किंवा काच काळी पडली. चारही तक्रारींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. साहित्याच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की येथे योग्य क्रियापद सापडले की दुरुस्तीचे निम्मे काम झालेले असते.

उदयनगर हे देवास जिल्ह्यातले लहान गाव. आमच्या महाविद्यालयाचे कार्यक्रम मैदानात, शामियान्याखाली आणि बहुधा भर दुपारी होतात. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मुलामुलींना उजेडी घरी परतायचे असते. सांस्कृतिक विभागाचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्याने मुलांच्या हातातली गिटार आणि तिच्यासोबत येणारा लवाजमा मी जवळून पाहत आलो आहे. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर, पायाशी ठेवायची पेडले, आणि अनेक पेडलांचे काम एकटा करणारा प्रोसेसर. या प्रत्येकाला एक छोटी काच असते. वाजवणारा कोणत्या सुरात आहे, कोणता आवाज निवडला आहे, हे ती काच सांगते. तिला कोणी ‘पडदा’ म्हणतात, पण सतारीच्या आणि गिटारच्या पट्टीवरील धातूच्या आडव्या दांड्यांनाही आपण पडदाच म्हणतो. तेव्हा घोटाळा नको म्हणून या लेखात काचेला डिस्प्ले आणि दांडीला पडदा म्हणतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ‘दिसत नाही’ ही. येथे उपकरणात काहीही बिघाड नसतो. प्रकाश लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्याखाली काहीशे लक्स प्रकाश असतो, मोकळ्या सावलीत साधारण दहा हजार, आणि दुपारच्या थेट उन्हात एक लाखाच्या आसपास. डिस्प्लेचा स्वतःचा उजेड मात्र जेवढा होता तेवढाच राहतो. शिवाय साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार टक्के भाग परत फेकतो. लखलखत्या आकाशाचा चार टक्के भाग हा डिस्प्लेच्या उजेडाशी बरोबरी करू शकतो, कधी त्यावर मातही करतो. आकडा काचेत असतोच. आकाशाचे प्रतिबिंब त्यावर पसरलेले असते, इतकेच. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात हे फार चांगले अनुभवास येते. साडेपाचला भूपाळी सुरू होताना जो आकडा डोळ्यांत भरतो, तोच आठ वाजता भैरवीला पोहोचेपर्यंत नाहीसा झालेला असतो. मूल बिचारे बटणे दाबत राहते.

उपाय घरगुती आहे. पुठ्ठ्याची तीन बाजूंची छपरी करून तिला आतून काळा कागद चिकटवावा आणि ती डिस्प्लेवर बसवावी. आतून पांढरी ठेवली तर उपयोग जवळजवळ शून्य. प्रोसेसर जमिनीवर सपाट ठेवला की तो थेट आकाशाला आरसा दाखवतो. त्याच्या मागच्या कडेखाली एखादी वही सरकवून तो वाजवणाऱ्याकडे कलता करावा. मग काचेत आकाशाऐवजी वाजवणाऱ्याचे कपडे प्रतिबिंबित होतात. म्हणून त्या दिवशी गिटारवाल्याने पांढराशुभ्र झब्बा घालू नये, गडद रंगाचा घालावा. (आमच्याकडे समूहगीताच्या वेळी सर्वांना पांढरे घालायला लावण्याची हौस आहे. गिटारवाल्याला त्यातून सूट द्यावी, असे मी दरवर्षी सुचवतो.) डिस्प्लेवर चिकटवायची खरखरीत फिल्म मिळते. ती प्रतिबिंब पुसट करते हे खरे, पण थेट ऊन पडले की तीच सगळी काच पांढुरकी करते; माझ्या मते सावलीच्या रंगमंचासाठी ती बरी, उघड्यासाठी नाही.

सर्वांत चांगला उपाय मंडपवाल्याच्या हातात असतो, आणि तो आदल्या दिवशीच सांगावा लागतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. रंगमंचाचे तोंड उत्तरेला आणि मागची कनात दक्षिणेला बांधली तर कनातीची सावली आपोआप कलाकारांवर पडते. एरवी पाहुण्यांच्या खुर्च्यांवर ऊन येऊ नये याचा विचार आधी होतो आणि वादकांचा मागाहून, किंवा होतच नाही.

येथे एक उलटा प्रकारही लक्षात ठेवावा. राखाडी काचेवर काळे आकडे दाखवणारे जुन्या धर्तीचे ट्यूनर स्वतः उजेड देत नाहीत, गणकयंत्राप्रमाणे बाहेरचाच प्रकाश वापरतात. ते उन्हात उत्तम दिसतात आणि रात्री दिसेनासे होतात. गणेशोत्सवातल्या रात्रीच्या कार्यक्रमात असा ट्यूनर ‘गेला’ असे वाटले, तर छोटी विजेरी पुरते.

आता ‘काळी पडली’ या तक्रारीकडे वळू. तिची दोन कारणे आहेत, आणि पहिले थोडे गमतीचे आहे. एलसीडी जातीच्या डिस्प्लेतून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात असतात. उन्हाळी चष्म्यांपैकी काहींच्या काचा एका विशिष्ट प्रतलातलाच प्रकाश आत सोडतात. या दोन्ही दिशा परस्परांना आडव्या आल्या की डिस्प्ले पूर्ण काळा दिसतो. परीक्षा सोपी: मान एका खांद्याकडे कलती करावी. आकडे परत आले तर दोष चष्म्याचा. सुट्या लाल-हिरव्या एलईडी दिव्यांचा ट्यूनर असेल तर हा त्रास होत नाही, कारण त्यांचा प्रकाश ध्रुवित नसतो.

दुसरे कारण उष्णता. एलसीडीतले द्रवस्फटिक रेणू एका ठरावीक रचनेत पीळ घेऊन उभे असतात म्हणूनच त्यांतून प्रकाश वळवता येतो. फार तापल्यावर ती रचना मोडते, पीळ नाहीसा होतो आणि सबंध काच काळपट होते. बऱ्याच साध्या उपकरणांची मर्यादा पन्नास-साठ अंशांच्या घरात असते. माळव्यात वैशाखात हवेचेच तापमान चाळीशी ओलांडते. काळ्या रंगाची धातूची पेटी उन्हात अर्धा तास राहिली तर हात लावता येत नाही. अशा वेळी तिच्यावर पाणी शिंपडणे, बर्फ ठेवणे असले प्रयोग करू नयेत. सावलीत नेऊन थांबावे. निवल्यावर रेणू आपल्या जागी परततात आणि बहुतेक वेळा डिस्प्ले पूर्ववत होतो. कार्यक्रमाआधी उपकरणांवर पांढरा पंचा टाकून ठेवणे हा प्रतिबंध पुरेसा आहे. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते इथली कोरडी हवा क्षयाच्या आजाराला मानवेल म्हणून. त्या हवेचा लौकिक मोठा आहे, पण तीही कोजागिरीच्या रात्री दव पाडते. दूध आटेपर्यंत उघड्यावर ठेवलेल्या प्रोसेसरच्या काचेवर आतून धुके धरते. तेव्हाही घाई न करता, कोरड्या जागी ठेवून वाट पाहावी.

‘उमटत नाही’ आणि ‘लुकलुकतो’ या तक्रारी मात्र उजेडाच्या नव्हेत, विजेच्या आहेत, आणि खरा खर्च येथेच होतो. आमच्या एका विद्यार्थ्याने सुट्ट्यांत काम करून जमवलेल्या पैशांतून जुना प्रोसेसर घेतला. मैदानावर त्याचे आकडे मंद उमटायचे, क्षणभर लुकलुकायचे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. शहरातल्या एका दुकानात त्याला डिस्प्ले बदलावा लागेल असे सांगण्यात आले. सांगितलेली रक्कम त्याच्या खरेदीच्या निम्म्याहून अधिक होती, आणि गिटार सोडून देण्याच्या विचारापर्यंत तो आला होता. प्रोसेसरच्या पाठीवर ५०० एमए लिहिलेले होते. त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर २००. व्होल्ट दोन्हींवर ९ होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. व्होल्ट हा विजेचा दाब आणि एमए हे तिचे मान. दाब जुळला तरी पुरवठा अपुरा असेल तर यंत्र धापा टाकते. योग्य अ‍ॅडॉप्टर लावल्यावर तोच डिस्प्ले स्वच्छ दिसू लागला.

म्हणून अ‍ॅडॉप्टरवरील तीन गोष्टी वाचायला मुलांना शिकवावे. व्होल्ट उपकरणाइतकेच हवेत. एमए उपकरणाच्या मागणीइतके किंवा जास्त असावेत. जास्त असण्याने हानी नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दोन वर्तुळांची छोटी आकृती, जिच्यात पिनेचा मधला भाग ऋण आहे की धन हे दाखवलेले असते. गिटारच्या पेडलांत तो बहुधा ऋण असतो, काही कीबोर्डांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये धन. पीन बसते म्हणून अ‍ॅडॉप्टर चालतो असे समजू नये. एकाच अ‍ॅडॉप्टरवरून पाच पेडले जोडली असतील तर सर्वांच्या मागणीची बेरीज करावी. आणि सगळे नीट असूनही आकडे मंद होत असतील तर जनरेटरपासून आलेली लांबच लांब बारीक वायर तपासायला साउंडवाल्याला सांगावे. हॅलोजन लागताच डिस्प्ले मंदावत असेल, तर दोष बहुधा तिथेच. मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत आकडे तुटक दिसतात, त्याची मात्र काळजी नको. असे कित्येक डिस्प्ले वेगाने चालू-बंद होतच असतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

आकडा न दिसल्याचा सर्वांत घातक परिणाम वेगळाच आहे. आंधळेपणाने बटणे दाबताना ट्यूनरचा मूळ संदर्भ बदलून जातो. ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा धरावा, असे १९३९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले आणि ट्यूनर त्याच गृहीतावर चालतात. तो आकडा चुकून ४४५ झाला तर ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो, आणि गिटार मात्र सगळ्यांपेक्षा चढी लागते. त्यातच उन्हात तापलेली पोलादी तार प्रसरण पावून उतरते. वर्गात जुळवलेली गिटार मैदानावर बेसूर होते ती यामुळे. तेथे डिस्प्लेला दोष देऊ नये, वाजवायच्या जागीच पुन्हा जुळवावे.

आणि आपल्या सुगम संगीताच्या कार्यक्रमात अखेरचा शब्द पेटीचा असतो. हार्मोनियमचे सूर जागेवर बदलता येत नाहीत, आणि जुनी पेटी ४४० च्या हिशेबात असेलच असे नाही. ट्यूनर बरोबर आणि पेटी वेगळी असेल तर गिटारने पेटीकडे जावे. येथे अडचण भाषेची येते. गिटारवाला ई, ए, डी म्हणतो. पेटीवाला काळी एक, पांढरी चार म्हणतो. दोघे एकाच रंगमंचावर दोन भाषा बोलतात. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीकीकडे पेटीच्या भाषेत अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. डिस्प्ले काही केल्या दिसेना, तर पेटीवाल्याकडून फक्त पांढरी सहा मागून घ्यावी आणि पाचवी, म्हणजे जाडीकडून दुसरी, तार तिच्याशी मिळवावी. मग प्रत्येक तार पाचव्या पडद्यावर दाबली की पुढची बारीक तार मिळते; अपवाद एकच, पांढरी पाचची तार चौथ्या पडद्यावर दाबायची. हा मजकूर आमच्या मुलांनी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून गिटारच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, आणि त्याखाली अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट, एमए व मधल्या पिनेचे चिन्ह.