कपड्याच्या गल्ल्यावरून गव्हर्नरच्या खुर्चीत

मोझेस अलेक्झांडर १८६७ साली अमेरिकेत आला तेव्हा जेमतेम चौदाचा होता. तेव्हाच्या बव्हेरिया राज्यातल्या ओब्रिगहाइम गावचा हा ज्यू मुलगा मिसूरीतल्या चिलिकोथी गावी नातेवाइकाच्या कपड्याच्या दुकानात कामाला लागला. पुढे तो दुकानात भागीदार झाला आणि १८८७ मध्ये गावाचा महापौरही. १८९१ मध्ये अलास्काची वाट धरलेला हा गृहस्थ आयडाहोतल्या बॉयसी शहरात थांबला, तो कायमचाच. तिथे त्याने पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान थाटले.

दुकानदाराचे अर्धे भांडवल म्हणजे ओळखी. त्या जोरावर अलेक्झांडर बॉयसीचेही दोनदा महापौर झाले. शहरातल्या मूठभर ज्यूंना त्यांनी एकत्र केले आणि १८९६ मध्ये लाकडी प्रार्थनामंदिर उभे राहिले. २००३ मध्ये ही अख्खी वास्तू उचलून दुसऱ्या जागी नेली. आजही तिथे प्रार्थना होते.

गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी, फक्त थेट मतदारांनी निवडलेला. १९०८ मध्ये अलेक्झांडर या पदासाठी लढून हरले. १९१४ मध्ये मात्र राज्याच्या खजिनदारानेच तिजोरीवर डल्ला मारल्याचे उघड झाले. अशा वेळी पै-पैचा हिशेब ठेवणारा व्यापारी लोकांना जवळचा वाटला नसता तरच नवल! रिपब्लिकनांचा जोर असलेल्या राज्यात हा डेमोक्रॅट निवडून आला. आपला धर्म पाळणारा ज्यू अमेरिकेत गव्हर्नर म्हणून निवडून येण्याची ही पहिलीच वेळ.

जर्मन माणूस आणि बिअर यांचे नाते जगजाहीर. पण याच जर्मनाने दारूबंदीवर सही केली. १ जानेवारी १९१६ पासून आयडाहो कोरडे झाले, देशाच्या चार वर्षे आधी. त्याच वर्षीची निवडणूक त्यांनी अवघ्या ५७२ मतांनी जिंकली. शेजारच्या युटाहनेही त्याच निवडणुकीत सायमन बॅम्बर्गर या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू उद्योजकाला गव्हर्नर केले.

१९१७ मध्ये कामगारांना अपघात भरपाई देणारा कायदा आला, तो अलेक्झांडर यांच्या जमेला. पण त्याच वर्षी जहाल कामगार संघटनांच्या प्रचारालाच गुन्हा ठरवणारा कायदाही त्यांच्याच सहीने झाला. असा कायदा करणारे आयडाहो हे अमेरिकेतले पहिले राज्य. नंतर अनेक राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. ही नोंद मात्र त्यांच्या नावे खर्चाच्या बाजूलाच धरावी लागते.