मानेची शीर आणि कलते टेबल

तुळजापूरचे नवरात्र असो की आपल्याकडचे एखादे लग्न, सनईवाल्याने दम धरून सूर लांबवला, की त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना शिरा टरारून वर येतात. सूर सुटतो आणि शिरा दिसेनाशा होतात. ऐकणाऱ्यांचे लक्ष सुराकडे असते. माझे मात्र अलीकडे मानेकडे जाते.

ज्या शिरा आपल्याला दिसतात त्या वरवरच्या. त्यांच्या आत, स्नायूखाली, त्यांची थोरली बहीण असते. डॉक्टर तिला इंटर्नल जुग्युलर म्हणतात. मेंदूत फिरून आलेले रक्त हृदयाकडे नेणारा हा हमरस्ता. फुंकताना छातीतला दाब वाढला, की रक्ताला खाली उतरायला वाट राहत नाही आणि मान फुगते.

या शिरेची भिंत रोहिणीसारखी ताठ नसते. ती सायकलच्या ट्यूबसारखी लेचीपेची असते. माणूस आडवा झाला की ती भरते, उठून बसला की चपटी होते. बर्लिनच्या डॉक्टरांनी २००० साली हे मोजून प्रसिद्ध केले. आडव्या माणसाच्या दोन्ही बाजूंच्या या शिरांतून मिनिटाला सुमारे ७०० मिलिलिटर रक्त वाहत होते, सरळ बसवल्यावर सुमारे ७०. मग बाकीचे रक्त जाते कुठून? बरेचसे पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून. हमरस्ता मिटला, की गल्लीबोळ कामाला येतात.

आपण जागे असताना कसे बसायचे ते आपण ठरवतो. भूल दिल्यावर ते दुसरे कोणी ठरवते, आणि या दुसऱ्या माणसाबद्दल आपण कधी चौकशीही करत नाही.

माझी या विषयाशी गाठ पडली ती बँकेत. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत असताना एका तरुण सर्जनचा कर्जाचा अर्ज आला. कोटेशनमध्ये सर्वांत महाग बाब होती ती टेबल. मी म्हणालो, ‘‘डॉक्टरसाहेब, माणूस झोपवायला एवढे महाग टेबल कशाला?’’ त्यांनी माझ्यासमोरचे जाडजूड लेजर ओढले, एका टोकाखाली शिक्क्यांचा डबा सरकवला आणि म्हणाले, ‘‘साहेब, गळ्याच्या ऑपरेशनला डोके वर लागते, ओटीपोटाच्या ऑपरेशनला खाली. ऐन वेळी पायांखाली विटा लावत बसू का?’’ कर्ज मंजूर झाले. हप्तेही वेळेवर आले. हे सांगितले नाही तर जुने सहकारी विचारतील.

त्यांनी त्या दिवशी जे सांगितले त्यातला गळ्याचा भाग मला आजही विलक्षण वाटतो. थायरॉईडची गाठ काढताना खांद्यांखाली उशी देऊन मान मागे ताणतात आणि टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उचलतात. शिरा रिकाम्या होतात, रक्तस्राव कमी होतो, सर्जनला नीट दिसते. पण उचलायचे तेही बेताने. डोके फार उंच गेले, तर शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि कापलेली शीर रक्त सांडण्याऐवजी हवा आत ओढून घेऊ शकते. ती हवा थेट हृदयात. रुग्णाला बसवून मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्यांना या हवेचीच धास्ती असते.

काम संपत आले, की उलट प्रकार. टेबल सपाट किंवा डोक्याकडे उतरते करतात, आणि भूलतज्ज्ञ फुप्फुसात हवा भरून काही सेकंद रोखून धरतो. म्हणजे बेशुद्ध माणसाकडून सनईवाल्याचा दमच धरवून घेतो. शिरा फुगतात आणि बांधायची राहिलेली एखादी बारीक शीर तिथेच वाहू लागते. ती तिथे सापडलेली बरी. रात्री वॉर्डात वाहू लागली, तर गळ्यात साठलेले रक्त श्वास कोंडते.

डोके खाली करण्याची पद्धत जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे शिष्य विली मायर यांनी १८८५ साली तिची माहिती छापली. तेव्हा कलते टेबल नव्हते. रुग्णाचे पाय खांद्यावर घेऊन एक मदतनीस उभा राही! आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे होते, हा त्यातला फायदा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनी कलत्या टेबलाचे महत्त्व आणखी वाढले. डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातली दुर्बिणीची पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. पित्ताशयासाठी डोके वर ठेवतात. गर्भाशयासाठी, प्रोस्टेटसाठी खाली. हे खालचे डोके तासन्‌तास राहिले, तर मानेतल्या शिरा तुंबून चेहरा आणि पापण्या सुजतात. म्हणून भूलतज्ज्ञ कलही बघतो आणि घड्याळही.

मान वळली किंवा वाकली, तरी शिरेला पीळ बसतो. सोलापूर-हैदराबाद महामार्ग आपल्या नळदुर्ग-उमरग्यावरून जातो, म्हणून ही गोष्ट जिल्ह्याच्या कामाची. डोक्याला मार लागलेल्याला जीपमध्ये घालतात, कोणी तरी मायेने त्याचे डोके मांडीवर घेते, हनुवटी छातीला टेकते, गळ्याभोवती उपरणे तसेच. आत मेंदू सुजत असतो आणि रक्ताच्या परतीची वाट आपणच आवळलेली असते. त्यात मानेचे हाड मोडलेले असले, तर उचलण्यातही धोका. म्हणून १०८ची गाडी येईपर्यंत मान हलवू नये. गळ्याचे बटण, उपरणे तेवढे सैल करावे. रुग्णालयात मान सरळ ठेवतात आणि रक्तदाब ठीक असेल, तर पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंशांपर्यंत उचलतात. औषधाआधीचा हा उपचार फुकट आहे.

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२२ साली मान्यता मिळाली. हृदय तपासायला शिकणाऱ्या मुलांना जगभर पहिल्यांदा सांगतात तेच इथल्या मुलांनाही सांगत असतील: स्टेथोस्कोप राहू दे, रुग्णाला ४५ अंशांत टेकून बसव, मान किंचित डावीकडे वळव आणि उजवी शीर कुठपर्यंत भरली आहे ते बघ.