एकांडे शिलेदार

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बँका, कारखाने, पेढ्या यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांतही हेच दोन प्रकार आहेत, आणि शिलेदारांचे भराभर बारगीर होत आहेत.

आम्हां काळाचौकीकरांना ही गोष्ट नवी नाही. इथली गिरणी 'इंडिया युनायटेड नंबर २-३'. वेगवेगळ्या गिरण्या एका मालकाखाली आल्या, हे तिचे नावच सांगते.

मुंबईचेच उदाहरण घ्या. सिटी बँकेच्या पोटातून 'आय-फ्लेक्स' ही कंपनी निघाली. बँकांचे सारे व्यवहार सांभाळणारे तिचे 'फ्लेक्सक्यूब' देशोदेशींच्या बँकांनी घेतले. २००५ साली अमेरिकेतल्या ओरॅकलने सिटीग्रुपचा सुमारे ४१ टक्के हिस्सा विकत घेतला, आणि २००८ साली आय-फ्लेक्स हे नावही पुसले गेले. त्याच २००५ त ओरॅकलने सुमारे १,०३० कोटी डॉलर मोजून पीपलसॉफ्टही पदरात पाडून घेतली!

आता तुम्ही म्हणाल, बड्यांना एवढी भूक कसली? गंमत अशी, की एकदा हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये शिरला की बाहेर काढणे महाकठीण. त्यामुळे कंपनी घेतली की तिची गिऱ्हाइकेही येतात आणि त्यांचे दरसालचे देखभालीचे पैसेही. गिऱ्हाइकालाही पगारपत्रक, माल, जमाखर्च सारे एकाच दुकानात मिळाले तर हवेच असते.

मग एकांड्याने जगावे कसे? बंगळुरूची टॅली १९८६ पासून जमाखर्च हे एकच काम धरून बसली आहे. इथला व्यापार आणि इथले कर तिला पाठ. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा हेच ज्ञान कामी आले. चेन्नईच्या झोहोने दुसरी वाट धरली: बाहेरचे भांडवल न घेता स्वतःच भलेमोठे दुकान थाटले. जो एका धंद्याची नस ओळखतो किंवा स्वतःच मोठा होतो, तो टिकेल. मधल्यांचे कठीण आहे.

आणि झळ आपल्यालाही लागते. आमच्या सोसायटीचा हिशेब एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर होता. कंपनी विकली गेली, नव्या मालकाने ते बंद केले, आणि सात वर्षांच्या पावत्या आमच्या चिटणीसबाईंनी हाताने उतरवून काढल्या.

म्हणून वाचकहो, सॉफ्टवेअर घेताना किंमत मागाहून विचारा. आधी विचारा: उद्या तुम्ही नसलात, तर माझी वही मला परत कशी मिळेल?